यंत्रखरेदीचा जमाखर्च

नागपुराहून छिंदवाड्याच्या रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर गेले म्हणजे कोलार नदीच्या काठी वसलेले सावनेर लागते. राम गणेश गडकरी यांचा देहान्त २३ जानेवारी १९१९ रोजी ज्या गावी झाला ते हे गाव, एवढीच सावनेरची ओळख बहुतेक मराठी वाचकांस असते. परंतु ज्याला यंत्रांच्या खरेदी-विक्रीत स्वारस्य आहे त्याने या तालुक्याकडे निराळ्या नजरेनेही पाहावे. सावनेर व केळोदच्या परिसरात कापूस पिंजून रुई व सरकी वेगळी करणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत. गावाच्या पोटाखाली वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या भूमिगत कोळसाखाणी आहेत. खाप्याजवळ गुमगावला मँगनीजची खाण आहे. आणि तालुक्याच्या दक्षिण टोकाला खापरखेड्याचे, व तेथून जवळच कोराडीचे, अशी दोन औष्णिक वीजकेंद्रे धूर सोडीत उभी आहेत. हंगामापुरते चालणारे यंत्र, अंधारात व ओलीत चालणारे यंत्र आणि वर्षाचे बारा महिने क्षणभरही न थांबता चालावे अशी अपेक्षा असलेले यंत्र, असे तिन्ही प्रकार इतक्या लहान टापूत एकत्र सापडणे दुर्मीळ. म्हणून यंत्र घेताना आजची किंमत किती पाहावी आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे मोल किती पाहावे, या जुन्या वादाचा आढावा येथून आरंभणे सोयीचे आहे.

वादाचे मूळ जमाखर्चाच्या रीतीतच आहे. यंत्राची किंमत एकदाच, एकाच आकड्यात आणि एकाच पावतीवर दिसते. त्या यंत्रापायी होणारा खर्च मात्र वर्षानुवर्षे आणि निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला असतो: विजेचे देयक एका पानावर, सुट्या भागांची बिले दुसऱ्या पानावर, फिटरची मजुरी तिसऱ्यावर. यंत्र बंद पडल्यामुळे जे उत्पादन झालेच नाही, किंवा झाले पण हलके झाले, त्याचे तर खातेच कोणत्या कीर्दीत उघडलेले नसते. दृश्य आकड्याचा प्रभाव अदृश्य आकड्यापेक्षा अधिक पडावा, हा मनुष्यस्वभाव आहे. पण या वादाचे पुष्कळसे विवेचन येथेच थांबते आणि ‘स्वस्त ते अंती महाग’ अशी समजूत काढून वाचकास निरोप देते, ते प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. स्वस्त यंत्र कधी कधी खरोखरच स्वस्त असते. आणि जेथे ते महाग पडते तेथेही, ते कोणाला महाग पडते, हा प्रश्न उरतोच. या दुसऱ्या प्रश्नाकडे झालेले दुर्लक्ष हेच, माझ्या मते, अनेक चुकीच्या खरेद्यांचे खरे कारण आहे.

जिनिंगच्या यंत्राचेच उदाहरण घ्यावे. जुन्या मराठीत ज्याला रेचा म्हणत त्याचाच हा यांत्रिक वंशज. अमेरिकेत फोन्स मॅकार्थी याने १८४० मध्ये ज्या तत्त्वाचे पेटंट घेतले त्याच तत्त्वावर आपल्याकडील डबल रोलर जिन आजही चालतो. चामड्याच्या चकत्या एकमेकींवर घट्ट दाबून बनविलेले दोन रोलर, त्यांना बेताने टेकलेल्या दोन स्थिर सुऱ्या, आणि मध्ये वेगाने वरखाली होणारी चल सुरी, एवढाच त्याचा मुख्य संसार. रोलरच्या खरखरीत पृष्ठभागाला कापसाचे तंतू चिकटतात व स्थिर सुरीखालून ओढले जातात. सरकीला त्या फटीतून जाता येत नाही. आणि चल सुरीचा फटकारा बसताच ती तंतूपासून सुटून खाली पडते. कारागिराला येथे जे पाहावे लागते ते कोणत्याही दरपत्रकात छापलेले नसते. रोलरवर तिरप्या खाचा असतात आणि त्या दर काही दिवसांनी पुन्हा पाडाव्या लागतात, कारण घर्षणाने व उष्णतेने चामडे गुळगुळीत होते व तंतू धरीनासे होते. खाचा पाडताना, आणि एरवी झिजेनेही, रोलरचा व्यास कमी होत जातो. १८० मिलिमीटरचा रोलर १२० मिलिमीटरवर आला म्हणजे फेऱ्या तेवढ्याच राहूनही त्याच्या परिघाची गती एक तृतीयांशाने घटलेली असते. मोटर चालतेच आहे, मजूर उभाच आहे, वीज जळतेच आहे, पण तासाला पडणारी रुई उतरणीला लागली आहे. सुरीचा दाब वाढवून हे भरून काढण्याचा मोह होतो, आणि त्यातून रोलर अधिक तापतो, अधिक झिजतो, सरकी फुटते, फुटलेल्या सरकीचे टरफल रुईत मिसळते. म्हणून दोन कंपन्यांचे जिन समोरासमोर ठेवून त्यांच्या किमती ताडून पाहणाऱ्याने खरे पाहता रोलरची जोडी किती तास टिकते, ती बदलायला किती वेळ लागतो, सुऱ्यांचे पोलाद कसले आहे आणि खाचा पाडण्याची सोय कारखान्यातच आहे की रोलर घेऊन नागपूर गाठावे लागते, हे विचारले पाहिजे. चामड्याच्या रोलरमध्ये क्रोमचा अंश असतो आणि झिजणाऱ्या चामड्याची धूळ मजुराच्या श्वासात व रुईत जाते. ही बाब तर खरेदीच्या वेळी क्वचितच कोणाच्या डोक्यात येते. मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे १९२४ पासून माटुंग्याला चालत आलेल्या ‘सिरकॉट’ने, क्रोमरहित रोलर विकसित केला, आणि तिचेच जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरास अमरावती रस्त्यावर आहे. जिनिंगची यंत्रे बनविणारा बजाज स्टीलसारखा उद्योगही नागपूरचाच. सावनेरच्या कारखानदाराला ही जवळीक केवढी मोलाची आहे हे दूरच्या प्रांतातून यंत्र आणणाऱ्यास हंगामाच्या ऐन भरात कळते. डिसेंबरात रोलर तडकला आणि नवा दुसऱ्या दिवशी आला, याची किंमत मांडता येते, परंतु दरपत्रकात तिला रकाना नसतो.

आता गणित मांडून पाहू. समजा एक जिन तासाला साठ किलो रुई काढतो आणि हंगामात दोन हजार तास चालतो. म्हणजे हंगामाची रुई झाली १,२०,००० किलो. यंत्राच्या दोषाने, तंतू तुटल्याने वा कचरा अधिक राहिल्याने, या रुईला किलोमागे एकच रुपया कमी मिळाला, तर एका जिनवर एका हंगामात १ लाख २० हजारांचे नुकसान झाले. रुईचा व्यापार खंडीने चालतो, व खंडी म्हणजे ३५५.६ किलो, तेव्हा किलोमागे रुपया म्हणजे खंडीमागे साडेतीनशेच्या वर थोडे. खंडीचा भाव पन्नास-साठ हजारांच्या घरात असताना एवढा फरक शेकडा एकाहूनही कमी, दलालाच्या बोटांना जेमतेम जाणवेल न जाणवेल असा; तरी पाच हंगामांत त्याची बेरीज सहा लाख होते. विजेची बचत, मजुरीची बचत या साऱ्या याच्यापुढे किरकोळ ठरतात. उत्तम जिन घेण्याचा युक्तिवाद येथेच निर्विवाद सिद्ध झाला असे कोणासही वाटेल.

परंतु हे नुकसान सोसतो कोण? जो कारखानदार स्वतः कापूस विकत घेऊन रुई विकतो त्याला ते सोसावे लागते, आणि असा कारखानदार बहुधा यंत्र पारखून घेतो. जो दुसऱ्याचा कापूस क्विंटलमागे ठरलेल्या मजुरीवर पिंजून देतो त्याला मात्र मजुरी मिळते ती वजनावर. तंतू तुटला तर तो गिरणीच्या तक्रारीचा विषय होतो, गिरणी भाव कापते, व्यापारी तो काप पुढल्या खरेदीत शेतकऱ्याच्या भावातून वसूल करतो, आणि केळोदच्या बाजारात गाडी उभी करून बसलेल्या शेतकऱ्याला आपला भाव कोणाच्या बोथट सुरीमुळे उतरला याचा पत्ता लागण्याचे कारणच नाही. यंत्राची किंमत एकाने द्यायची आणि यंत्राचे मोल दुसऱ्याने भोगायचे, अशी ही विभागणी. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा राज्यातला बहुतेक सारा कापूस सरकारी यंत्रणेच्या मालकीचा होऊन जिनिंगवाला ठराविक दराचा मजूर बनला. योजनेचे गुणदोष अनेक आहेत व त्यांची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण तिने ही विभागणी पक्की केली आणि चांगले यंत्र घेण्याची इच्छा मारून टाकली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. एकाच लांब शाफ्टवर पट्ट्यांनी फिरणाऱ्या जिनांची रांग, दोन जिन चालवायचे तरी सगळा शाफ्ट फिरवावा लागणारा, अशी व्यवस्था विदर्भात दीर्घकाळ टिकून राहिली ती कारखानदार अडाणी होते म्हणून नव्हे. त्यांचा हिशेब त्यांच्या बाजूने अगदी बरोबर होता. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू करून त्याचा चौथा विभाग जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणास वाहिला व त्यासाठी अनुदान देऊ केले, याचा अर्थही तोच: ज्याचा लाभ कारखानदाराच्या पदरी पडत नाही त्या सुधारणेचा काही भार सरकारी तिजोरीने उचलावा.

येथे परदेशाकडे एक दृष्टिक्षेप टाकणे उपयुक्त होईल. एलाय व्हिटनी याने १७९४ मध्ये पेटंट घेतलेला करवती जिन अमेरिकेत सर्वत्र रूढ झाला. त्याचा उरक रोलर जिनच्या कितीतरी पट. तथापि त्याच्या करवतीच्या दात्यांनी तंतू अधिक तुटतो, आणि म्हणूनच लांब धाग्याच्या कापसासाठी अमेरिकेनेही रोलर जिन राखून ठेवला. जेथे कापूस यंत्राने वेचला जातो, मजूर महाग आहे आणि भांडवल मुबलक आहे तेथे करवती जिनची अवाढव्य किंमत थोड्या काळात फिटते. जेथे कापूस हाताने वेचला जातो, कारखाने लहान व विखुरलेले आहेत आणि हंगाम चार-पाच महिन्यांचा आहे, तेथे ती फिटत नाही. हिंदुस्थानाने डबल रोलर जिन धरून ठेवला यात मागासलेपणा पाहणारे विद्वान पूर्वी होते. आता त्या मताला फारसा आधार उरलेला नाही. जे यंत्र टेक्ससमध्ये शहाणपणाचे, ते सावनेरास उधळपट्टीचे ठरू शकते.

या विषयाचा आपल्या प्रांतातील सर्वांत बोधप्रद अध्याय मात्र नागपूर शहरात लिहिला गेला आहे. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन केली, आणि व्हिक्टोरिया राणीस सम्राज्ञीपद जाहीर झाले त्याच दिवशी, १ जानेवारी १८७७ रोजी, तिची गिरणी एम्प्रेस मिल या नावाने सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यात टाटांची दूरदृष्टी होती: कापूस शेजारी, वऱ्हाडचे बाजार हाताशी, वरोऱ्याचा कोळसा आटोक्यात. जुम्मा तलावालगतच्या दलदलीत भराव टाकून इमारत उभारली जात असताना एका स्थानिक सावकाराने, हा मनुष्य मातीत सोने पुरतो आहे, असे म्हणून कर्ज नाकारल्याची आणि पुढे, त्याने माती घालून सोने काढले, असे कबूल केल्याची कथा टाटांच्या चरित्रांत सांगितली जाते. कथा लोकप्रिय आहे. पण तिच्या छायेत दुसरी गोष्ट झाकली जाते. स्थळ निवडताना इतकी दूरदृष्टी दाखविणाऱ्या या माणसाने यंत्रे निवडताना काटकसर केली. पहिली यंत्रे हलक्या प्रतीची होती, सूत संख्येने व गुणाने अपेक्षेपेक्षा उणे पडू लागले, आणि आरंभीची वर्षे कंपनीला जड गेली. टाटांनी ही चूक ओळखून यंत्रे बदलण्याचा खर्च सोसला. रेल्वेच्या नोकरीतून आणलेले व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता आणि इंग्रज तंत्रज्ञ यांच्या हाती गिरणी सोपविली. पुढे १८८३ च्या सुमारास, इंग्लंडातील बहुतेक गिरणीवाले अद्याप जुन्या म्यूल चात्यांना चिकटून होते तेव्हा, एम्प्रेस मिलमध्ये रिंग चात्यांचे प्रयोग झाले व ते यशस्वी होताच जुनी यंत्रे काढून टाकण्यास या कंपनीने मागेपुढे पाहिले नाही. पूर्ण निकामी न झालेले यंत्र केवळ दुसरे अधिक सूत देते म्हणून मोडीत काढणे, ही त्या काळच्या हिंदी भांडवलदारास न मानवणारी गोष्ट होती. ताळेबंदातील घसारा आणि यंत्राचे खरे आयुष्य या दोन भिन्न वस्तू आहेत हे फार थोड्यांस उमगले होते.

एवढ्यावर अध्याय संपता तर तो नीतिकथेत जमा झाला असता. पण १८८६ मध्ये याच जमशेटजींनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांना विकत घेतली. ती मुंबईतल्या मोठ्या गिरण्यांपैकी एक. उभारणीस लागलेल्या खर्चाच्या पाव हिश्शाच्या आसपास ती हाती येत होती, आणि त्या भावाला ती सोडणे कोणासही मूर्खपणाचे वाटले असते. व्यवहार पुरा झाल्यावर आतली यंत्रे किती जीर्ण झाली आहेत ते उघडकीस आले. स्वदेशी मिल असे नवे नाव धारण केलेल्या या गिरणीने मालकाची वर्षानुवर्षे परीक्षा पाहिली; नागपूरची हुशार माणसे तिकडे पाठवावी लागली, भागधारकांचा विश्वास डळमळला, टाटांना स्वतःचे भाग विकून पैसा उभा करावा लागला, आणि यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलल्यावरच तिला बरे दिवस आले. नागपुरास नव्या यंत्रांच्या बाबतीत जो धडा शिकून झाला होता तो कुर्ल्यास जुन्या यंत्रांच्या बाबतीत पुन्हा शिकावा लागला, यावरून त्यांच्या शहाणपणाला उणेपणा येत नाही. कमी किमतीचे आकर्षण केवढे प्रबळ असते एवढेच त्यावरून दिसते. आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही वेळा खरेदी करणारा व नुकसान सोसणारा मनुष्य एकच होता, म्हणून दुरुस्ती झाली. एम्प्रेस मिलच्या उत्तरायुष्यात ती स्थिती राहिली नाही. ती १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाच्या हवाली झाली व २००२ मध्ये बंद पडली.

लँकशायरच्या म्यूलबद्दल अर्थशास्त्रज्ञांत पुढे मोठा वाद झाला. जुन्या यंत्राला चिकटून राहण्यात इंग्रज गिरणीमालकांचा आळस होता, असे एक मत. बारीक सुतासाठी, आणि कुशल कारागीर मुबलक असता, म्यूलच त्यांना परवडत होता, असे दुसरे. दोन्ही पक्षांच्या ग्रंथांचा ढीग पडला आहे. त्यातून आपण एवढेच घ्यावे की यंत्राचे मोल यंत्रात नसून यंत्र, माल, माणूस व बाजार यांच्या जुळणीत असते.

आता तासांचा प्रश्न. दीर्घकालीन मोलाच्या पुरस्कर्त्यांकडून हा बहुधा विसरला जातो. दहा अश्वशक्तीची, म्हणजे साडेसात किलोवॅटची मोटर घ्या. एका प्रतीची कार्यक्षमता ८८.७ टक्के, तिच्या वरच्या प्रतीची ९०.४ टक्के. खाणीतील पाणी उपसणाऱ्या पंपावर ती पूर्ण भाराने वर्षाला ७,२०० तास चालली तर वरच्या प्रतीने सुमारे १,१४५ युनिट वाचतात. आठ रुपये युनिट धरल्यास नऊ हजार रुपयांहून अधिक. तीच मोटर जिनवर चार महिने, रोज सोळा तास, म्हणजे १,९२० तास चालली तर बचत ३०५ युनिटांची, सुमारे २,४४० रुपयांची. दोन प्रतींच्या किमतींत दहा हजारांचा फरक आहे असे मानले, तर पंपावर तो सव्वा वर्षाच्या आतबाहेर फिटतो. जिनवर बिनव्याजी हिशेबाने चार हंगाम, आणि कर्जाचे व्याज १२ टक्के धरले तर सहा हंगाम लागतात. व्याजाचे हे कलम मोठे कठोर आहे. १२ टक्के दराने दहाव्या वर्षी वाचणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मोल अवघे बत्तीस रुपये होते. ज्याला स्वस्त दराने पैसा मिळतो त्याला दूरचा लाभ जवळ दिसतो. ज्याला महाग दराने घ्यावा लागतो त्याला तो धूसर दिसतो, आणि तसा दिसणे हा त्याच्या बुद्धीचा दोष नाही. हंगामी उद्योगात विजेच्या बचतीसाठी भारी मोटर घेण्याचा आग्रह म्हणून तारतम्याने धरावा. तोच पैसा रोलर व सुऱ्यांत घातला तर अधिक सत्कारणी लागतो, हे वर दिलेल्या रुईच्या हिशेबावरून उघड आहे.

खाणींत परिस्थिती वेगळी. सावनेरच्या भूमिगत खाणींत कोळसा भरून पट्ट्यावर टाकणारे लोडर बंद पडले म्हणजे एका यंत्राचेच काम थांबत नाही. सुरुंग लावणारे, छताला आधार देणारे, पट्टा चालविणारे, सारे हात बांधून उभे राहतात आणि पाळीचा पगार मात्र चालूच राहतो. अशा ठिकाणी किमतीपेक्षा यंत्राच्या उपलब्धतेचे, म्हणजे शंभर तासांपैकी किती तास ते कामास तयार असते याचे, महत्त्व फार. म्हणून मोठ्या खाणयंत्रांच्या निविदांत केवळ यंत्राची किंमत न पाहता ठराविक मुदतीचे सुटे भाग, देखभाल आणि उपलब्धतेची हमी, व हमी मोडल्यास दंड, अशी सर्व कलमे एकत्र बांधण्याची पद्धत रूढ झाली. ही पद्धत चांगली आहे. तिचे यश मात्र खाणीवर ठेवल्या जाणाऱ्या नोंदवहीच्या सचोटीवर अवलंबून असते, कारण यंत्र कंपनीच्या दोषाने बंद होते की खाणीच्या, यावर दंडाची सारी भिस्त.

वीजकेंद्रांत इंधन हाच खर्चाचा राजा. कोराडीचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला. त्या पिढीतील लहान संच कालांतराने मोडीत निघाले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. हे संच अतिक्रांतिक जातीचे, म्हणजे सुमारे २२१ बार या पाण्याच्या क्रांतिक दाबाच्या वर चालणारे. त्यांना लागणारे पोलाद महाग, जोडकाम नाजूक, पाण्याच्या शुद्धतेचे नियम कडक. तथापि प्रत्येक युनिटमागे कोळसा कमी जळतो, आणि वीस-पंचवीस वर्षे अहोरात्र चालायचे म्हटल्यावर तो फरक आरंभीच्या जादा किमतीला गिळून टाकतो. येथे तासांचे गणित महाग यंत्राच्या बाजूने इतके झुकलेले आहे की वाद उरत नाही. वाद होतो तो समान जातीच्या दोन यंत्रांत. या शतकाच्या पहिल्या दशकात चिनी बॉयलर व टर्बाइन देशी यंत्रांपेक्षा कमी किमतीत येऊ लागले, खाजगी कंपन्यांनी ते भराभर घेतले, आणि देशी उत्पादकांनी त्यांच्या टिकाऊपणाविषयी व सुट्या भागांविषयी शंका घेतल्या. जुलै २०१२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयात वीजयंत्रांवर सुमारे २१ टक्के कर बसविण्यास मंजुरी दिली. मोलाचा प्रश्न असा करवाढीने सुटत नाही, किमतीचा तेवढा सुटतो. पण कारखानदारांच्या तंट्यात सरकारच्या हाती तेवढेच साधन असते.

सरकार स्वतः खरेदीदार होते तेव्हा काय घडते, हे पाहण्यासारखे आहे. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम १९४७ चे. ते १९६३, २००५ व २०१७ मध्ये सुधारले गेले, आणि पैशाचा पुरेपूर मोबदला मिळावा हे तत्त्व त्यांत लिहिलेले आहे. तरी कचेरीतील शिरस्ता असा की तांत्रिक अटी पुऱ्या करणाऱ्यांत ज्याची निविदा किमान, त्याला काम. दप्तरात बसलेल्या अधिकाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. किमान दराचे यंत्र घेतले आणि ते सहा वर्षांनी मोडले, तर तोवर त्याची तीनदा बदली झालेली असते आणि कोणी जाब विचारीत नाही. चौपट टिकणारे यंत्र दीडपट दराने घेतले तर पुढच्याच वर्षी लेखापरीक्षकाचा आक्षेप येतो आणि खुलासा लिहिण्यात निवृत्तीपर्यंतचा काळ जातो. जिनवाल्याप्रमाणेच येथेही हिशेब त्याच्या बाजूने बरोबर आहे. किमान दराची पद्धत सर्वस्वी वाईट, असेही मला म्हणवत नाही. गुणाला गुण देण्याचा अधिकार हाती आला की तो गुण आपल्या माणसालाही देता येतो, आणि किमान आकडा निदान सर्वांना सारखा दिसतो. अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांत गुणवत्तेला वजन देण्यास वाव दिला, तोही याच भीतीने आखडून: बांधकामे व सल्लेतर सेवा यांपुरता, आणि गुणवत्तेचे वजन तीस टक्क्यांच्या वर जाता कामा नये, या अटीवर. यंत्राच्या सरळ खरेदीस त्याचा लाभ नाही. तेथे अधिकाऱ्यास खरा वाव एकच: अटी लिहिताना. निविदेत यंत्राच्या अश्वशक्तीऐवजी दर किलो रुईमागे किंवा दर टन कोळशामागे किती वीज लागेल ते विचारले, पाच वर्षांच्या सुट्या भागांचे दर आजच बांधून घेतले आणि ते किमतीत मिळवूनच किमान ठरविले, तर किमान दराच्या पद्धतीतूनही शहाणी खरेदी होऊ शकते. मात्र अशा अटी लिहिण्यासाठी यंत्र चालविणाऱ्या फिटरला कचेरीत बोलावून खुर्ची द्यावी लागते, आणि ते आपल्या शिरस्त्यात बसत नाही.

शेवटी त्या लहान कारखानदाराविषयी, ज्याच्यापुढे निवड अशी नसतेच. दुसऱ्याने टाकून दिलेले चार जिन, जुना प्रेस, आणि भाड्याची शेड, यांवर धंदा सुरू करणाऱ्यास आयुष्यभराच्या मोलाचे व्याख्यान देणे सोपे आहे. त्याच्याजवळ आज जेवढे आहे तेवढ्यातच यंत्र घ्यायचे, नाहीतर घ्यायचेच नाही, अशी त्याची परिस्थिती असते. त्याचे जुने यंत्र ठराविक तास सुरक्षित चालेल का, आगीचा धोका किती, रोलर कुठे मिळतील, एवढे पारखून घेतले तर तो चुकला असे मी म्हणणार नाही. पहिल्या दोन हंगामांच्या नफ्यातून नवे यंत्र घेणारेही याच वाटेने गेले आहेत. त्याला खरी अडचण येते ती कर्जात. मुदतीचे कर्ज यंत्राच्या कोटेशनवर मंजूर होते, म्हणजे किमतीवर. रोलरची दुसरी जोडी, खाचा पाडण्याचे यंत्र आणि फिटरचे वर्षभराचे वेतन यांची तरतूद त्याच कर्जात मागणारा अर्जदार विरळा, आणि ती मंजूर करणारा शाखाधिकारी त्याहूनही विरळा.